बोट कंपनीसमोर दोनदा

आत्माराम नाटेकराच्या इंग्रजीला रत्नागिरीच्या आंबेवाल्यांत तोड नव्हती, असे सगळेच म्हणत. पण ते इंग्रजी कुणी ऐकलेले नव्हते, फक्त कागदावर पाहिलेले. नाटे गावच्या एका खलाशाचा हा मुलगा रत्नागिरीला शिकायला आला, मॅट्रिक झाला, बंदराजवळ धोंडूशेटच्या वखारीत कारकून म्हणून चिकटला आणि बघता बघता साऱ्या पेठेचे अर्ज लिहू लागला. लिहायचाही झोकात. एका वाक्यात दोन-तीनदा ‘व्हेअरअ‍ॅज’ आल्याशिवाय त्याची लेखणी थांबत नसे.

१९२७ साली गोष्ट बोलण्यावर आली. आंबा तेव्हा आगबोटीने मुंबईला जाई. करंड्या पडावातून बोटीवर चढवल्या की त्या खाली, बोटीच्या पोटात, बॉयलरच्या अंगाला रचल्या जात. मुंबईच्या धक्क्यावर उतरेपर्यंत निम्मा माल उकडून निघे आणि दलाल डागी माल म्हणून भाव पाडत. व्यापाऱ्यांनी बोट कंपनीकडे अर्जावर अर्ज केले, ते अर्थात आत्मारामानेच लिहिले. उत्तर एकाचेही आले नाही. शेवटी कंपनीच्या मॅनेजरसाहेबाने मुंबईहून निरोप धाडला, की तुमच्यातला एक माणूस येऊ दे आणि काय ते तोंडाने सांगू दे. कुणाला पाठवायचे याचा धोंडूशेटने विचारसुद्धा केला नाही.

आत्मारामाने भाषण लिहून काढले आणि पाठ केले. मांडवीच्या वाळूत चालत चालत तो ते घोकी. नवा कोट शिवला. मुंबईला कंपनीच्या कचेरीत एका लांब टेबलामागे मॅनेजरसाहेब आणि दोन गोरे अधिकारी बसले होते. आत्मारामाने सुरुवात केली, ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट.’ आवाज लागला होता. शब्द न अडखळता येत होते. तेवढ्यात साहेबाने मध्येच विचारले, की हंगाम कुठल्या महिन्यात सुरू होतो. प्रश्न साधा होता. आंब्याच्या गावात वाढलेल्या माणसाला तो झोपेतही सांगता आला असता. पण आत्मारामाचा धागा तुटला. तो पुन्हा ‘मोस्ट रिस्पेक्टफुली’पासून निघाला. साहेबाने दुसऱ्यांदा काही विचारले, तेव्हाही तो पहिल्या ओळीवर परतला. एका अधिकाऱ्याने तोंडावर हात धरला. साहेब मात्र सभ्य होता. तो उठला, त्याने हात मिळवला आणि विचार करतो म्हणाला.

विचार झाला नाही. त्या वर्षीही आंबा खालीच गेला. कोट ट्रंकेच्या तळाशी गेला तो मथुराने, त्याच्या बायकोने, पाहिला आणि वर आपली लुगडी रचली.

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, वखारीत काम उरले नाही, तेव्हा आत्माराम झाडगावात महिपतराव सुर्व्यांकडे गेला. महिपतरावांनी सेशन कोर्टात दुभाष्या म्हणून उमर काढली होती. दुसऱ्याचे लांबलचक बोलणे चार शब्दांत साहेबाच्या कानी घालायचे, हाच त्यांचा धंदा. त्यांनी आत्मारामाला ते सगळे भाषण म्हणायला लावले आणि डोळे मिटून ऐकले.

‘‘तुला पाहिजे काय?’’ शेवटी त्यांनी विचारले.

आत्माराम म्हणाला, ‘‘आंबा वर, उघड्या डेकवर ठेवावा. वरून ताडपत्री घालावी.’’

‘‘मग हे तू साहेबाला कधी सांगितलंस?’’

ते भाषणाच्या शेवटच्या पानावर होते. तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता.

‘‘अर्ज वाचणाऱ्याला वाचायचा पगार मिळतो,’’ महिपतराव म्हणाले, ‘‘ऐकणाऱ्याला ऐकायचा मिळत नाही. पाहिजे ते आधी माग. मग तो विचारील तेवढंच सांग. आणि सांगून झालं की गप्प बस. गप्प बसणंच सगळ्यांत अवघड.’’

त्यांनी कागद बंद केला. पाठ करायचे ते फक्त पहिले वाक्य. रोज एखाद्या वस्तूवर, कधी विहिरीवर, कधी फणसावर, ते त्याला इंग्रजीत बोलायला लावीत आणि साहेबासारखा आवाज काढून मध्येच प्रश्न टाकीत. शब्द समजला नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायची त्यांची सक्ती होती. आत्मारामाला हे सगळ्यांत जड गेले. इंग्रजी कळले नाही असे कबूल करणे म्हणजे त्याला भर पेठेत धोतर सुटल्यासारखे वाटे.

पण काही दिवसांनी महिपतरावांचे प्रश्न ओळखीचे झाले. म्हणून त्याने मथुराला सांगितले, की मी पडवीत बोलत असलो की तू मध्येच काहीही विचार.

‘‘त्याला सांगायला कशाला हवं,’’ मथुरा म्हणाली, ‘‘ते मी करतेच.’’

तिला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, त्यामुळे तिला कुठे थांबायचे हेही कळत नसे. वाक्य अर्ध्यावर असताना ती बांगडे घेऊ की सौंदाळे, असे विचारी. आंबोशीची बरणी कुठे ठेवली ते विचारी. आत्माराम आधी चिडे, मग उत्तर देऊन डोके धरून बसे. एका दुपारी त्याने सौंदाळे घे म्हटले आणि सोडलेल्या जागेवरून वाक्य पुरे केले. त्याला बरे वाटले.

पुढल्या वर्षी व्यापाऱ्यांनी पुन्हा भेट मागितली. मागच्या भेटीत काय झाले ते मुंबईच्या दलालांकडून धोंडूशेटच्या कानी आले होते, आणि या खेपेला तिथलाच एखादा वकील घ्यावा असे त्याच्या मनात होते.

‘‘वकिलाला आंबा ताटातला ठाऊक,’’ आत्माराम म्हणाला. ‘‘मला एकदा पाठवा, शेट. या वेळी मी अर्ज घेऊन जात नाही.’’

धोंडूशेटने मान्य केले, पण स्वतः सोबत आला.

कोर्टात मुद्देमाल पुढे ठेवला की बोलणे निम्मे होते, हे महिपतरावांचे सांगणे आत्मारामाने मनावर घेतले होते. एप्रिलात एकाच झाडाचे आंबे दोन करंड्यांत भरून त्याने एक खाली चढवली आणि दुसरी डेकवर आपल्या वळकटीपाशी ठेवली. मुंबईत त्या दोन्ही घेऊन तो त्याच टेबलासमोर उभा राहिला.

‘‘सर, प्लीज कॅरी अवर मँगोज ऑन डेक,’’ तो म्हणाला आणि दोन्ही करंड्या उघडल्या. खालच्या करंडीतला आंबा कापला तर देठापाशी काळा निघाला, वासही आला. वरचा कापला तो केशरी. साहेबाने फोड उचलली. मग प्रश्न सुरू झाले. वादळ झाले तर नुकसान कुणाचे, असे एकाने विचारले. मेच्या मध्यानंतर समुद्र खवळतो, तेव्हा आम्ही डेक मागणार नाही, असे आत्मारामाने सांगितले. दुसऱ्याने दोरखंडाच्या बांधणीबद्दल बोटीवरचा एक शब्द वापरला. आत्मारामाला तो कळला नाही.

‘‘प्लीज से अगेन, सर,’’ तो म्हणाला, ‘‘स्लोली.’’

अधिकाऱ्याने तो सावकाश, हातवारे करून पुन्हा सांगितला. आत्मारामाने उत्तर दिले. मग विचारायचे कुणाला काही उरले नाही आणि खोलीत शांतता झाली. इंग्रजी न कळणाऱ्या धोंडूशेटला ती सहन होईना. त्याने हळूच आत्मारामाला कोपर मारले, ‘बोल की’ म्हणून. आत्माराम बोलला नाही. साहेब खिडकीकडे पाहत होता, दुसरी फोड संपवत होता. मग त्याने आपल्या माणसांना काही विचारले आणि मेच्या मध्यापर्यंत एका बोटीचा डेक द्यायचे कबूल केले.

मागितले होते सगळ्या बोटींवर, मिळाले एका. पण त्या बोटीचा आंबा चांगला पोचला आणि दोन हंगामांत बाकीच्याही बोटींवर ताडपत्र्या आल्या. १९३१ साली साहेबाने आत्मारामाला रत्नागिरी बंदरावर कंपनीचा एजंट होतोस का, म्हणून विचारले. तो झाला. पेठेत म्हणाले, आपला माणूस साहेबाने उचलला. धोंडूशेट एक हंगामभर त्याच्याशी बोलला नाही.

चौतीस साली कंपनीने भाडे वाढवले. व्यापाऱ्यांना ते सांगायचे काम आत्मारामाकडे आले. कुणी म्हणाले, नोटीस लावून मोकळा हो. त्याने सगळ्यांना वखारीसमोर बोलावले आणि पहिल्याच वाक्यात सांगितले, ‘‘या हंगामापासून भाडं वाढतंय.’’ गलका झाला, शिव्याही आल्या. तो थांबला. ओरडून झाल्यावर लोकांनी विचारायला सुरुवात केली, तसतसे तो सांगत गेला, आणि कंपनीची जी गोष्ट त्याला स्वतःलाच पटली नव्हती, ती पटली नाही असेही म्हणाला.

काहींनी त्यानंतर तोंड फिरवले ते कायमचे. धोंडूशेटचा आंबा मात्र त्याच्याच बोटींनी जात राहिला. धोंडूशेट स्वतः आत्मारामाच्या कचेरीची पायरी कधी चढला नाही. करंड्यांबरोबर दिवाणजीला पाठवायचा, आणि आपण बंदरावर छत्री उघडून पडाव भरेपर्यंत उभा राहायचा.