अर्जदारातर्फे वकील
परवा जुनी फाइल उघडली, कार्बनपेपरचा वास आला आणि वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीतली ती दुपार आठवली. मी वकीलसाहेबांचा मुन्शी होतो, आणि साहेब खासदारकीसाठी उभे राहत होते. उमेदवारी अर्जाची मुदत तीनला संपणार होती. पावणेतीनला निवडणूक अधिकाऱ्यांनी अर्ज पाहिला आणि चष्मा काढला. “साहेब, उमेदवार तुम्ही, की तुमचा पक्षकार?” वीस वर्षांच्या सवयीने साहेबांनी सहीखाली लिहिलं होतं, ‘अर्जदारातर्फे वकील’. मी घाईघाईने नवा अर्ज भरला, पण त्यावर सूचकाची सही पुन्हा हवी होती आणि आमचा सूचक, सेलूचा एक शेतकरी, चहाला गेलेला. मी टपरीकडे धावलो. हातातला कप तसाच ठेवून तो धोतर सावरत पळत आला. “घाबरता काऊन साहेब? सही काय, तुमच्यासाठी अंगठाबी देतो!” त्याने सही केली, साहेबांनीही या वेळी नुसती सहीच केली. तीनला दोन मिनिटं असताना अर्ज दाखल झाला. साहेब निवडून आले. वर्षभराने तोच सूचक गावच्या पुलासाठी अर्ज घेऊन आला. मीच तो टाइप करून दिला होता, खाली शिफारशीसाठी साहेबांच्या सहीला जागा सोडून. “ठेवून जा भाऊ, पाहतो,” साहेब म्हणाले. परवा त्या फाइलीत तोच अर्ज निघाला. साहेबांच्या सहीची जागा कोरीच होती.