इन्शुअरच्या पुढे अगेन्स्ट

हॉस्पिटलमधून माणसाला ‘सोडतात’. तुरुंगातूनही सोडतातच. एकच शब्द दोन्हीकडे का लागतो, हे मला कल्याणच्या एका हॉस्पिटलात कळलं, आणि तेव्हा अजिबात हसू आलं नाही. बाबांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा चौथा दिवस होता. सकाळी नऊला मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, “आज घरी जा.” साडेनऊला बाबांनी शर्टपँट चढवली, पट्टा टाक्यांना लागतो म्हणून पिशवीत टाकला, आणि चपला घालून कॉटच्या कडेला बसले. दुपारी तीनला ते तसेच बसलेले होते. विमा कंपनीचं अप्रूव्हल आलं नव्हतं. ते आल्याशिवाय सोडणार नव्हते, आणि सगळं बिल स्वतः भरून मोकळं व्हावं एवढी आमची ऐपत नव्हती.

बाबांनी उभा जन्म विठ्ठलवाडीजवळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. तीन क्रियापदं त्यांची फार लाडकी. “कामाची खात्री करून घेता ते एन्शुअर. माणसाला खात्री देता ते अश्युअर. आणि विमा उतरवता ते इन्शुअर.” मग खडू टेबलावर ठेवून विचारायचे, “इन्शुअरच्या पुढे काय लागतं?” अख्खा वर्ग ओरडायचा, “अगेन्स्ट!” मीही त्याच वर्गात बसलेली, त्यामुळे ओरडणाऱ्यांत मीही होते. आगीच्या विरुद्ध, चोरीच्या विरुद्ध, आजाराच्या विरुद्ध. “साहेब संकटाच्या विरुद्ध उभा राहतो,” बाबा म्हणायचे, “आणि आपण विमा नुसता उतरवतो, पोराची दृष्ट उतरवावी तसा. उतरवला की आपलं काम संपलं.” यावर ते स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे.

त्यांचा स्वतःचा विमा मात्र मी मागे लागले म्हणून उतरवला गेला, त्याला तीन वर्षं झाली होती.

तीननंतर मला खाली विम्याच्या काउंटरवर बोलावलं. तिथल्या मुलीनं कंपनीचा मेल दाखवला. मी मोबाइलवर फोटो काढला आणि वर नेला. बाबांनी चष्मा लावला. पहिल्याच ओळीत ‘काइंडली इन्शुअर दॅट’ असं लिहिलेलं होतं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. “विमा कंपनीलाच इन्शुअर येत नाही!” ते शेजारच्या कॉटवरच्या माणसाला म्हणाले. तो बिचारा सलाइनच्या हातानंच नमस्कार करून मोकळा झाला.

मग त्यांनी दुसरी ओळ वाचली. पेशंटला हा त्रास सहा वर्षांपासून असल्याचं केस पेपरवर आहे, म्हणजे विमा घेण्याआधीपासून आहे, तर तेव्हा कळवलं का नाही?

खरी गोष्ट एवढीच होती, की सहा वर्षांपूर्वी एका लग्नात जेवल्यावर बाबांच्या पोटात एकदा दुखलं होतं. भरती झालो त्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरनं इंग्रजीत चौकशी केली. समोरचा इंग्रजीत विचारतोय म्हटल्यावर बाबा मराठीत उत्तर देणं शक्यच नव्हतं. त्यांनी शुद्ध भूतकाळात, ‘सिक्स इयर्स अगो’ म्हणत, सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, ‘पेन सिन्स सिक्स इयर्स’.

“सिन्सनंतर कालावधी येत नाही,” बाबा म्हणाले. “फॉर येतो. आणि इथे फॉरसुद्धा नाही. इथे अगो!”

मला विलक्षण संताप आला. त्या डॉक्टरचा, कंपनीचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त बाबांचा. मराठीत बोलले असते तर काय बिघडलं असतं? वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात मी फक्त अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. आई डोंबिवलीहून दर तासाला फोन करून मऊ भात लावू का, एवढंच विचारत होती. इतकी वर्षं घोकलेलं ते अगेन्स्ट आमच्याच विरुद्ध उभं राहिलं होतं.

तो डॉक्टर फोन उचलेना. केस पेपरवर खाडाखोड चालत नाही, असं नर्सनं सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं मला बाजूला घेतलं. ती मनानं चांगलीच होती.

“ताई, एक लेटर द्या ना. काकांना इंग्लिश समजत नाही, त्यामुळे हिस्टरी चुकीची गेली, असं. माझं रोजचंच आहे हे. अर्ध्या तासात होऊन जातं.”

“अगं, ते इंग्रजीचे सर आहेत.”

“ते कंपनीला कुठे माहितीये?”

मी तिच्याच टेबलावर उभ्या उभ्या लिहून टाकलं. वाचायला न देता सही घ्यावी, असंही मनात येऊन गेलं, त्याची मला अजून लाज वाटते. पण बाबा कुरिअरच्या कागदावरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाहीत. ती मुलगी माझ्याबरोबर वर आली. बाबांनी कागद दोनदा वाचला. ते तो फाडतील असं मला वाटलं, आणि मी त्यांच्यावर ओरडायची तयारी ठेवली होती.

“म्हणजे मला इंग्रजी येत नाही.”

“कागदावर, बाबा.”

“दुसरा काही मार्ग?”

“नाही.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “काका, सही इंग्लिशमध्ये नका करू हां. पकडतील ते.”

बाबांची सही आम्हा घरच्यांना पाठ होती. निकालपत्रांवर, बँकेत, माझ्या लग्नाच्या नोंदणीवर, सगळीकडे तीच, इंग्रजीतली. मराठीत त्यांना सही नव्हतीच. त्यांनी पेन कागदाला टेकवलं. मग एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, वरून रेघ ओढली. हात फार सावकाश चालला होता. मग त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

“बघ गं,” ते म्हणाले, “बरोबर आहे का?”