डोंग्यातला फ्रीजर

भंडाऱ्याखाली, धरणामुळे फुगलेल्या वैनगंगेच्या पाण्यात मासे धरणाऱ्या एका बाईचा शिडाचा डोंगा चालायचा. मी त्यात एकदाच बसलो, तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिच्या पायाशी मासोळ्या ठेवायला बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीजर होता. मोठा का नाही घेतला, असं मी विचारलं.

"मोठा लय बॅटरी खाते. अन् हा वरून उघडते, डोंगा हालला तरी थंडी सांडत नाही."

पुढच्या टोकाला ती जाळं ओढू लागली, मीही हात लावला. मागे वळलो तर सोबतच्या दोन पर्यटकांनी तिच्या मासोळ्या उन्हात फळीवर ओतून फ्रीजरमध्ये बियरच्या बाटल्या भरलेल्या. माझं डोकंच फिरलं.

"मेलेल्याच तर आहेत," एक जण हसला. "आम्ही पैसे दिलेत."

"डोंग्यात बसाचे देल्ले," ती म्हणाली. "मासोया मेल्या, माही मेहनत मेली का?"

तिने बाटल्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या, शीड फिरवलं आणि दोघांना काठावर उतरवलं. मग एकेक मासोळी हुंगून तिने खराब झालेल्या निम्म्या मासोळ्या पाण्यात टाकून दिल्या, उरलेल्या परत फ्रीजरमध्ये ठेवल्या. मी अजून त्या दोघांना शिव्याच घालत होतो.

"तुमची पान्याची बाटली द्या," ती म्हणाली. "आता जागा हाये."