कंसातली नावं

जयवंतराव हिवरकरांना मिक्सरमधली चटणी चालत नसे. ती कापलेली असते, वाटलेली नसते, असं त्यांचं म्हणणं. कुकरच्या भातानं पोट फुगतं. रंगीत टीव्हीनं नजर जाते, साधा टीव्ही त्या मानानं बरा. टेपरेकॉर्डरवर लावलेली आरती देवाला पोचत नाही. ही मतं ते साखर कारखान्याच्या शेतकी विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर रोज मांडत. समोर उभा असलेला शेतकरी मान हलवत ऐकून घेई. त्याच्या उसाची नोंद जयवंतरावांच्या हातात असे आणि नोंदीच्या तारखेवर तोडणीची पाळी ठरे.

कारखाना नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातला. जयवंतराव तिथं १९६८ साली लागले आणि अठ्ठावीस वर्षं त्याच टेबलावर राहिले. त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांची स्मरणशक्ती होती. कुणाच्या उसाची लागण कुठल्या आठवड्यातली, कुणाचं शेत कालव्याच्या कुठल्या चारीवर, हे ते वही न उघडता सांगत. शेतकरी त्यांना भाऊसाहेब म्हणत. अधिकारी बदलत, तेही पहिल्या महिन्यात त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसत.

वही उघडायची वेळ एकाच कारणानं येई. या भागात एका वाडीचं आडनाव एक असतं आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. कोकरेवस्तीवर चाळीस घरं, सगळी कोकऱ्यांची. त्यात सोपान मारुती कोकरे तीन. प्रत्येकाला सभासद क्रमांक होता, पण तो ना सोपानला पाठ असे, ना तोडणीची चिठ्ठी वाटणाऱ्याला. म्हणून जयवंतराव शाईनं लिहिलेल्या नावापुढं पेन्सिलीनं कंसात खूण करत. पहिला सोपान ‘विहिरीवरचा’. दुसरा ‘तोतरा’. तिसरा ‘खुळीचा’.

अशा खुणा सगळ्या वह्यांत होत्या. ‘चकणा’. ‘घरजावई’. ‘दोन बायकांचा’. एका घराण्यापुढं ‘मेंढरं चोरणारे’ असं होतं. ज्याच्यावर आळ आला होता तो आजोबा कोर्टातून निर्दोष सुटून, म्हातारा होऊन मेला होता. शेतकऱ्यांना या खुणा कधी दिसल्या नाहीत. वहीवर जयवंतरावांचा पंजा असे.

१९९६च्या उन्हाळ्यात कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, एसी लावला, जाड पडदे सोडले. दारात पायताणं काढून आत जायचं, अशी पाटी लागली. मे महिन्यात शेतकरी काचेला नाक लावून उभे राहत.

“त्याला गार लागतंय व्हय रं?”

“उकाडा सोसत न्हाय म्हणं त्याला.”

“माझ्या बैलालाबी सोसत न्हाय. त्याला कुठं खोली बांधली?”

कॉम्प्युटर चालवायला बारामतीहून मनिषा नावाची मुलगी आली. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, सहा महिन्यांच्या करारावर. जुन्या वह्यांतली सगळी सभासद यादी तिनं मशीनमध्ये भरायची आणि जयवंतरावांनी शेजारी बसून वाचून दाखवायची, असा हुकूम निघाला. अठ्ठावीस वर्षांत जयवंतरावांना कुणी पायताण काढून कुठल्या खोलीत जायला लावलं नव्हतं. ते रोज सकाळी काढत, आणि मोज्याला पडलेलं भोक लपवण्यासाठी एक पाय दुसऱ्यावर ठेवून बसत.

तिसऱ्या दिवशी मनिषानं विचारलं, “काका, हे कंसातलं टाकायचं का?”

“तुमचं मशीन काय म्हणतंय?”

“मशीन काही म्हणत नाही. देऊ ते घेतं.”

“मग घेऊ द्या की.”

“पण इथं दोन बायकांचा असं लिहिलंय.”

“आहेत त्याला दोन. खोटं लिहिलंय का?”

“तसं नाही. यादी बाहेर लागणार ना.”

“बाई, साहेबांनी काय सांगितलंय? वहीबरहुकूम. एक अक्षर सोडायचं नाही. तुम्ही सोडलं तर तुमच्यावर येईल.”

मनिषानं टाइप केलं.

जयवंतरावांना काय होणार ते नीट ठाऊक होतं. त्यांचा हिशेब सरळ होता. यादी भिंतीवर लागेल, सभासद काठ्या घेऊन येतील, संचालक घाबरतील आणि मशीन आलं त्या खोक्यातून परत जाईल. दुपारच्या चहाला त्यांनी हे म्हस्कू शिपायाला सांगितलंही.

“पंधरा दिवस. खोक्यात जातंय बघ.”

“आन् लोकांची नावं, भाऊसाहेब?”

“लोकांची काय? लोक मशीनला हसतील. यंत्राचं कोण खरं मानतंय?”

दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार घातला. त्यानंतर आठवड्याभरात छापील याद्या गटऑफिसांत आणि गावोगावच्या विकास सोसायट्यांत लागल्या. कडेला भोकं असलेला लांब कागद, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं.

लोक हसले, पण मशीनला नाही. कोकरेवस्तीच्या सोसायटीत तोतऱ्या सोपानला यादीपुढं उभं करून त्याचं नाव त्यालाच वाचायला लावलं. तो ‘तो’वर अडकला तेव्हा माणसं बाकावर आडवी झाली. दोन बायकांचा जो होता, त्याला चिठ्ठी देणारा आता सगळ्यांदेखत तशीच हाक मारू लागला. पाच-सहा जण कारखान्यावर आले, ओरडले आणि परत गेले. बाकीच्यांना त्यात गैर काही वाटलं नाही.

“हातानं लिवलं आसतं तर म्हटलं आसतं, कारकुनानं खुन्नस काढली,” सोसायटीच्या पायरीवर एक जण म्हणाला. “कंपुटरला काय भाऊबंदकी हाय का?”

“त्याला कळलं कसं पर?”

“त्याला समदं कळतंय. म्हणून तर एसीत ठिवलाय.”

तिसरा सोपान, खुळीचा, यादी बघून घरी गेला. त्याची बायको छबूबाई. लग्नानंतर तीन वर्षांनी, १९७१ साली, तिचं पहिलं मूल तापानं गेलं. त्यानंतर तीन महिने ती कालव्याच्या भरावावर फिरायची, रिकामी झोळी हलवायची, वाटेनं जाणाऱ्याला दगड मारायची. त्याच दिवसांत जयवंतराव उसाची मोजणी करत त्या बाजूला गेले होते. एक दगड त्यांच्या सायकलीला लागला. पुढं पाऊस पडला, खुरपणी आली, छबूबाई कामाला लागली आणि बरी झाली. नंतर तिला तीन मुलं झाली. तिनं दोन म्हशी केल्या, दूध डेअरीला घातलं, बचत गटाची पेटी सांभाळली. वस्तीवरच्या तरुण पोरींना ती कधी आजारी होती हेही माहीत नव्हतं. धाकटी प्रगती बारावी झाली होती. तिचं लग्न इंदापूर तालुक्यातल्या माऊली रुपनवरशी जवळपास ठरलं होतं. मुलगा लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला. मुलगी पसंत होती, मुलगाही. फक्त तारीख धरायची राहिली होती.

तारीख धरायला माऊलीचे वडील दादासाहेब आणि चुलती कुशाबाई जीपनं आले. वस्तीच्या फाट्यावर त्यांनी सोसायटीपुढं गाडी थांबवली.

“सोपान मारुती कोकऱ्यांचं घर कुठलं?” दादासाहेबांनी पायरीवरच्यांना विचारलं.

“कुठला सोपान? तीन हायती.”

“मागच्या टायमाला रात झाली हुती, वाट ध्यानात न्हाय. शेतकरी हायत. काळं-सावळं गृहस्थ.”

“तिन्ही काळं हायत, पावणं.” पायरीवरचा उठला, त्यानं भिंतीवरच्या यादीवर बोट ठेवलं. “ह्यो बघा. विहिरीवरचा, तोतरा, का खुळीचा?”

“ज्यांची पोरगी लग्नाची हाय.”

“मग खुळीचा. त्या बाभळीपासनं डावीकडं.”

दादासाहेबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग वाचता न येणाऱ्या कुशाबाईंनी त्यांना ती मोठ्यानं वाचायला लावली.

घरी चहा झाला. छबूबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. ती काय करते याकडं पाहुण्यांचे डोळे लागले होते हे तिला कळलं नाही. तिनं कपबशी देताना थोडा चहा बशीत सांडला, तेव्हा कुशाबाईंनी दादासाहेबांकडं पाहिलं. ती स्वतःशीच हसली, कारण बाहेर म्हैस हंबरली आणि धार काढायची राहिली होती. तेव्हा कुशाबाईंनी पुन्हा पाहिलं. ती दोनदा उठून आत गेली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा कुशाबाईंनी विचारलं, “वहिनी, तुमाला झोप बरी लागती का?”

“झोप? दिसभर राबल्यावर दगडावरबी लागती की,” छबूबाई म्हणाली.

दगड हा शब्द ऐकून सोपाननं पानाचं ताट पुढं केलं. पाहुण्यांनी तारीख धरली नाही. “पंचांग बघून कळवतो,” म्हणाले आणि गेले.

आठवडाभर निरोप आला नाही. मग सोपान कारखान्यावर गेला. तो भांडला नाही. जयवंतरावांच्या खिडकीशी सकाळी येऊन उभा राहायचा आणि सुट्टीचा भोंगा झाला की जायचा. पहिल्या दिवशी जयवंतराव म्हणाले, “कॉम्प्युटरनं छापलंय, त्याला विचार.” दुसऱ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यानं विचारपूस केली. मनिषा म्हणाली की मी काकांना विचारलं होतं. जयवंतराव म्हणाले की मला आठवत नाही. ज्यांच्या आठवणीवर कारखान्यानं तोडणीचे अठ्ठावीस हंगाम काढले, त्यांचं हे उत्तर कुणी तपासलं नाही. मनिषाला दुपारी घरी पाठवलं; चपला घालताना ती म्हस्कूला म्हणाली, “मामा, माझी पर्स आत राहिली,” आणि म्हस्कूनं ती आणून दिली, कारण तिला आत जायची परवानगी उरली नव्हती. नवी यादी बिनकंसाची निघेल असं जाहीर झालं.

सोपान तिसऱ्या दिवशीही उभा होता. अधिकारी जयवंतरावांना म्हणाला, “वार्षिक सभेत हा माणूस उठून बोलला तर तुमचं रिटायरमेंट अडकेल. मिटवून टाका.”

तेव्हा जयवंतराव निघाले. १९७१ची वही त्यांनी पंच्यात गुंडाळली आणि सोपानबरोबर एसटीनं इंदापूरला गेले, तिथून पुढं दुसऱ्या गाडीनं. त्यांची कल्पना अशी होती की, मशीननं मनानं काही लिहिलेलं नाही, ही एका कारकुनाची जुनी पेन्सिल आहे, एवढं दाखवलं की काम होईल. वाटेत सोपाननं एकदाच तोंड उघडलं. “भाऊसाहेब, नुसतं चुकलं म्हणा. बाकी काय बोलू नगा.”

रुपनवरांच्या ओट्यावर घोंगडं टाकलं होतं. पाणी दिलं, गूळ दिला.

“यादी मशीननं केली न्हाय,” जयवंतराव म्हणाले. “मशीनला काय अक्कल असते? हे बघा. हे माझं अक्षर.”

दादासाहेबांनी वही मांडीवर घेतली. “कंदीचं हाय ह्ये?”

“एकाहत्तरचं.”

“म्हंजी पंचवीस वर्सं झाली.”

“झाली ना. तेव्हाची गोष्ट तेव्हा संपली.”

“कसली गोष्ट?”

सोपाननं जयवंतरावांच्या धोतराचा काठ ओढला. जयवंतराव थांबले नाहीत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी विचारलेल्या माणसाला बिनचूक माहिती दिली होती. “पहिलं पोर गेलं तिचं. कालव्यावर फिरायची. तीनच महिने. दगड बिगड मारायची, पण नंतर एकदम बरी झाली.”

“तुमी सोता बघितलं?”

“माझ्या सायकलीलाच लागला एक.”

दादासाहेबांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. आतल्या दारातून कुशाबाई बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“आमी आटवडाभर थांबलो हुतो, सोपानराव. घरात म्हणत हुतो, मशीन हाय, चुकलं आसंल, ह्याचं त्याला लागलं आसंल. परवा तारीख कळवणारबी हुतो. आता डोळ्यांनी बघितलेला माणूसच तुमी घिऊन आला. आमाला बी उद्या नातवंडं व्हायची हायती.”

जेवून जा, असा आग्रह झाला. जयवंतराव जेवले. सोपान एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला.

बिनकंसाची यादी दीड महिना टिकली. तीन सोपानांच्या तोडणीच्या चिठ्ठ्या एकमेकांकडं जाऊ लागल्या, विहिरीवरच्याचा कोवळा ऊस तुटला, तेव्हा सभासदांनीच तक्रार केली. कारखान्यानं मशीनमध्ये ‘ओळख’ नावाचा नवा रकाना घातला आणि जुने शब्द त्यात भरले. ते काम नव्या ऑपरेटरनं केलं, शेजारी बसून जयवंतरावांनी वाचून दाखवलं. मार्चमध्ये त्यांना शाल, श्रीफळ आणि मिक्सर मिळाला.

प्रगतीचं लग्न पुढच्या वैशाखात फलटणकडच्या एका मुलाशी झालं. यावेळी घरच्यांनी आधीच ठरवून घेतलं होतं. मुलगी बघायला पाहुणे आले त्या दिवशी छबूबाईला म्हशींसाठी गवताला पाठवलं. लग्नाच्या चार दिवस आधी तिला वडगाव निंबाळकरला, माहेरी पोचवलं आणि मुलीच्या आईला कावीळ झालीय असं व्याह्यांना कळवलं. मांडवात मुलीची आई म्हणून तिची जाऊ बानूबाई उभी राहिली. विहिणीचा मान तिनं घेतला. हे सगळं प्रगतीला मान्य होतं. सोपानच्या म्हणण्याप्रमाणे, पहिल्यांदा सुचवलं ते तिनंच.