तिसरं कुलूप

एव्हरशाईनच्या नाक्यावर चावीवाला पितळेची चावी कानशीने घासत होता. पितळेचा तो वास नाकात गेला आणि मी थेट लहानपणीच्या, सातिवलीच्या आमच्या खोलीत पोचले.

बचत गटाच्या पैशांची पेटी आमच्याच खाटेखाली असायची. तिला तीन कुलपं होती. एक चावी आईकडे, एक शेजारच्या मंदाकाकूकडे आणि तिसरी शीलामावशीकडे. त्या दुपारी माझी धाकटी बहीण बबली तापाने फणफणली होती, मान ताठ झाली होती. आधी पैसे भरा म्हणून दवाखान्याने परत पाठवलं होतं. दोन कुलपं निघाली. शीलामावशी कामणच्या गोदामात कामावर होती. निरोप पाठवला, पण सहा वाजेपर्यंत तिला कोणी सोडणार नव्हतं, आणि चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असा गटाचा नियम होता.

मी वरवंटा आणून आईपुढे धरला. "फोड ना गं!"

"फोड. मी सांगते सगळ्यांना," मंदाकाकूही म्हणाली.

आईने वरवंटा उचलला. मग तो परत खाली ठेवला. "उद्या चोर म्हणतील मला." बबलीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत ती दाराकडे बघत राहिली. तिच्या हाताला पितळेचा वास येत होता.

शीलामावशी धावत आली तेव्हा दिवे लागले होते.

बबली वाचली, पण त्या तापात तिचे कान गेले. गरिबाला चोर ठरवायला वेळ लागत नाही, हे मला आता कळतं. राग मात्र गेलेला नाही. गटातल्या बायका अजून बबलीसमोर आईच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतात. तिला ते ऐकू येत नाही.