टाकीची किल्ली

माझी थोरली बहीण टाकीशी बोलते. गोठ्यामागच्या बायोगॅसच्या टाकीला कान लावून ती आतली घुरघुर ऐकते, आतली थोडी शेणाची मळी बोटांत चोळून हुंगते आणि मगच आज किती शेण घालायचं ते ठरवते. आम्ही हसतो. ती म्हणते, "पोट आहे ते. विचारूनच वाढावं." टाकीच्या झाकणाची किल्ली कायम तिच्या गळ्यात. नवऱ्याच्या हातीसुद्धा ती सहसा देत नसे, आणि भावोजींचा उत्साह बघता मला ते पटायचं.

त्या महिन्यात मात्र ताईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. सरकारी योजनेत आमची टाकी परीक्षेवर होती. पास झालो तर गॅस शुद्ध करून शहराच्या पाईपलाईनला जोडणार आणि सरकार त्याला हमीभाव देणार. नापास झालो तर टाकी घरच्या चुलीपुरती, आणि ताईने खात्याचे जे उंबरे झिजवले ते सगळे पाण्यात. मुख्य अट अशी की गॅस हवेत सोडायचा नाही. म्हणून आणीबाणीच्या व्हॉल्व्हला खात्याने तार गुंडाळून सील ठोकलं होतं. जिवावर बेतलं तर ते तोडायची मुभा होती. पण संकट आपल्याच चुकीने आलं असेल तर नाव बाद.

तपासणीच्या आदल्या दिवशी ताईला खात्यात बोलावणं आलं. नाइलाजाने किल्ली भावोजींना देऊन ती गेली. परत आली, टाकीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"काय घातलंत हिला?"

"नेहमीचंच."

"आंबूस वास येतोय."

"अगं, काही नाही. शप्पथ."

तिने विश्वास ठेवला. चाऱ्यातच काहीतरी बिघडलं असेल म्हणत टाकीचा आंबटपणा मारायला ती चुना कालवायला बसली.

सकाळी तपासणीच्या मॅडम आल्या तेव्हा टाकीवरचा रबरी फुगा टम्म झाला होता. आत उसळलेला फेस गॅसच्या नळीत शिरून नळी चोंदली होती. त्यामुळे गॅस शुद्ध करायचं मशीन बंद, आणि जादा गॅस जाळायचा बर्नरही त्याच नळीवर, म्हणून तोही बंद. दाबाचा काटा लाल रेषेला टेकत होता. भावोजी कोणाचंही न ऐकता सळई घेऊन शिडीवर चढले आणि नळीत खुपसू लागले. शिडी मी धरली होती. माझ्या डोक्याशी फुग्याची शिवण कुरकुरत होती. माझी तर पाचावर धारण बसली.

"खाली या!" ताई ओरडली.

"झालंच, झालंच!"

सळई निघाली आणि फेसाचा लोंढा थेट त्यांच्या तोंडावर आला. एरवी मी हसून लोळलो असतो. पण नळी पुन्हा चोंदली, आणि भावोजी डोळे मिटून पायाने शिडीची पायरी चाचपत राहिले. ती काही सापडेना.

ताईने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा सीलकडे. मला तिचा असा राग आला! विचार कसला करतेस?

"मॅडम, मोबाईल बंद करा, मागे व्हा!"

पलीकडच्या बाजूला धावत जाऊन तिने तार पिरगळून तोडली आणि व्हॉल्व्ह उघडला. गॅस सूं करून सुटला, फुगा सैलावत गेला. मी भावोजींना पाय धरून खाली उतरवलं.

मॅडमनी तुटलेलं सील उचललं. "जिवावरच बेतलं होतं, मी पाहिलंय. पण कारण लिहावं लागेल. टाकीत काही वेगळं घातलं होतं?"

"नाही," ताई म्हणाली. "काल शेण ह्यांनी घातलंय. हे नाही म्हणतात, म्हणजे नाही."

"मग अपघात लिहिते."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात भावोजी तोंडावरचा फेस पुसत म्हणाले, "थांबा. कणीक घातली मी. बेकरीत वाया गेलेली, पोतंभर. वाटलं, तुमच्यासमोर फुगा जरा भरलेला दिसेल."

मॅडमनी तेच कारण लिहिलं आणि आमचं नाव बाद केलं. "पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा," एवढं हळूच म्हणाल्या आणि गेल्या.

"काल सांगितलं असतंत तर उपसून टाकली असती," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच ऐकवेना.

भावोजींनी किल्ली तिच्यापुढे धरली. ती घेईना.

"ठेवा तुमच्याकडेच. आता रोज कान तुम्ही लावायचा. आणि आत काय ऐकू आलं, ते मला खरं सांगायचं."