रेनोच्या ट्रकमधला कागद

एकतीस वर्षं रेनो हाताया आमच्या शहराच्या रस्त्यांवरचं बर्फ काढत होता. शहराची सनद, म्हणजे कारभाराच्या नियमांचं पुस्तक, असते माझ्या कपाटात, कारण पालिकेच्या सभांचं इतिवृत्त मी लिहिते. पण त्यातलं एक कलम रेनोला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. नगरसेवकानं कामगाराला थेट हुकूम सोडायचा नाही, जे सांगायचं ते शहराचा कारभार बघणाऱ्या मॅनेजरला सांगायचं. हुकूम सोडला तर नगरसेवकाची जागा गेली. या कलमाची प्रत त्यानं माझ्याकडून नेली, लाल पेन्सिलीनं खाली रेघ ओढली आणि ट्रकमध्ये काचेच्या वर खोचून ठेवली.

ब्रूस ट्रुडेल नगरसेवक असताना एकदा ट्रकसमोर उभा राहिला. "आधी माझ्या आईची गल्ली घे!"

रेनोनं कागद काढून भर रस्त्यात मोठ्यानं वाचला. "हं, काय म्हणत होता साहेब?"

"काही नाही."

"मग मीही काही ऐकलं नाही."

ब्रूस बाजूला झाला. गावाला आठवडाभर हसायला विषय मिळाला.

निवृत्त होताना रेनोनं ट्रकची किल्ली आणि तो कागद त्याच्या जागी आलेल्या गेल नावाच्या बाईच्या हातात दिला. तिला ट्रक चालवायला त्यानंच शिकवलं होतं. मग त्याची बायको एल्वी म्हणाली, "दिवसभर माझ्या भांड्यांत नाक खुपसण्यापेक्षा निवडणुकीला तरी उभा राहा." तो उभा राहिला आणि आरामात निवडून आला. कुणाचंही पाऊल घसरेल, याचं घसरणार नाही, असं मी छातीठोक सांगत होते.

फेब्रुवारीत एल्वीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. टाके काढायला एक वाजता दवाखान्यात पोचायचं होतं आणि गल्लीत कमरेएवढं बर्फ. कोपऱ्यावरून गेलचा ट्रक सरळ निघालेला पाहून रेनो तसाच धावत सुटला आणि हात आडवा करून उभा राहिला.

"गेल, ट्रक वळव! आधी आमची गल्ली घे!"

गेलनं काच खाली केली. "आधी दवाखान्याचा रस्ता, मग शाळेचा. हा क्रम कुणी लावलाय?"

"मी लावलाय! वळव म्हणतो ना!"

तिनं वरचा कागद काढून त्याच्या हातात ठेवला. "वाचा, नगरसेवकसाहेब. लाल रेघही तुमचीच आहे."

रेनो बाजूला झाला. एल्वीला त्यानं जुन्या लाकडी घसरगाडीवर बसवलं आणि ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथून शेजाऱ्यानं तिला गाडीतून पोचवलं. एल्वी म्हणे वाटभर हसत होती.

मंगळवारच्या सभेत रेनोनं उठून सगळं स्वतःच सांगितलं. महापौरबाईंनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. "अहो, बायकोसाठी केलेली विनंती ती. हुकूम कसला?"

"बाई, एकतीस वर्षं मी दोन्ही ऐकलीत. तो हुकूमच होता."

"गेल, तुम्ही सांगा."

मागच्या रांगेत बसलेल्या गेलचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "हुकूमच होता."

मतं पडली. 'जागा रिकामी' असं मी लिहिलं. इतका राग मला त्या सनदेचा कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतली अर्जांची खिडकी उघडते तो समोर रेनो. "पोटनिवडणुकीचा अर्ज दे."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण जागा जाते एवढंच लिहिलंय. पुन्हा उभं राहू नये, असं कुठं लिहिलंय? दाखव."

मी सनद काढली, चष्मा लावला, दोनदा वाचली. तसं कुठंच नव्हतं. अर्जाला पंचवीस मतदारांच्या सह्या लागतात. दुपारी तो भरलेला अर्ज घेऊन आला, तेव्हा मी पहिलीच सही पाहून थांबले. ब्रूस ट्रुडेल.

"यानं दिली?"

"मागितली नव्हती. स्वतःच घरी आला," रेनो म्हणाला. "म्हणाला, माझ्या वेळी तू काही ऐकलं नाही म्हणालास, म्हणून माझी जागा वाचली. तू स्वतःलाही नाही सोडलंस, मग माझं मत दुसऱ्या कुणाला देऊ?"

मी अर्जावर शिक्का मारला. जरा जोरातच.